कोजागिरीची सेटिंग वाढदिवसाला: फोटो अचानक बिघडले तर कारण कसं शोधायचं

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी सकाळी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मी साठेक फोटो काढले आणि त्यातला एकही धड नव्हता. कॅमेरा तोच, लेन्स तीच, हॉल ओळखीचा. आदल्या रात्री याच कॅमेऱ्याने गच्चीवरून कोजागिरीच्या चंद्राचे फोटो इतके छान आले होते की मसाला दूध पिता पिता सगळ्यांनी ते माझ्याकडून मागून घेतले. घोळ नेमका तिथेच झाला होता.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे अशा बहुतेकांकडे हा किस्सा असतो. परवापर्यंत चांगले येणारे फोटो आज अचानक काळे, नाहीतर पांढरेफटक, नाहीतर धूसर. मग लेन्स पुसून बघायची, बॅटरी काढून घालायची, कुणीतरी सांगतं सर्व्हिसिंगला टाक. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. कुठल्यातरी वेगळ्या कामासाठी आपणच काहीतरी फिरवलेलं असतं आणि ते परत जागेवर आणायचं राहिलेलं असतं. बंद करून चालू केलं की सगळं पूर्ववत होईल अशी फोनमुळे आपल्याला सवय लागली आहे. कॅमेरा तसा नाही. तो बऱ्याच गोष्टी आठवडाभरसुद्धा जशाच्या तशा धरून ठेवतो.

आधी चंद्राचं सांगते, म्हणजे दुसऱ्या दिवशी काय काय नडलं ते कळेल. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे आपल्या दृष्टीने रात्र असली तरी उन्हात ठेवलेला दगडच. रात्र आहे म्हणून आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती हळवा ते) वाढवला की चंद्राच्या जागी नुसती पांढरी टिकली येते. जुना ठोकताळा असा, की अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/११ ठेवलं तर शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. मी एफ/८ ला, म्हणजे भोक मोठं म्हणून शटर दुप्पट जलद, १/२०० ठेवलं होतं. त्यासाठी मोड मॅन्युअल, आयएसओ १००, आणि प्रकाश फक्त चंद्रावरून मोजला जावा म्हणून मीटरिंग स्पॉट. अंधारात ऑटोफोकस मागेपुढे होत राहतो म्हणून लेन्सवरची खिटी एमएफवर, म्हणजे हाताने फोकस. कॅमेरा ट्रायपॉडवर, म्हणून लेन्सचं व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. बटन दाबताना धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. एकूण सहा बदल. सकाळी हॉलवर निघताना मोड आणि आयएसओ आठवले, ते बदलले, आणि आपण फार नीटनेटक्या आहोत अशा थाटात कॅमेरा गळ्यात घातला. चार तसेच राहिले.

हॉलमध्ये सासूबाई सासऱ्यांना हार घालत होत्या. मी बटन दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. हार घालून झाला, दोघं हसून माझ्याकडे बघायची थांबली, सासूबाई पदर सावरायला वळल्या आणि मग कॅमेरा खटकन वाजला. असं चार-पाचदा झालं. मला वाटलं कार्ड हळू चाललंय. शेवटी जाऊबाईंचा आठ वर्षांचा मुलगा समोरून ओरडला, "काकू, तुझ्या कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतोय!" टायमरचा दिवा कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला असतो. तो सगळ्या जगाला दिसतो, फक्त फोटो काढणाऱ्याला दिसत नाही.

टायमर काढला. तोवर लक्षात आलं की बटन अर्धं दाबल्यावर जो बारीक 'बीप' यायला हवा तो येतच नाहीये. ऑटोफोकस चालू असता तर कॅमेऱ्याने फोकस लागेपर्यंत फोटोच काढू दिला नसता. एमएफवर असला की तो काहीही न विचारता काढतो. रात्री फोकस थेट चंद्रावर लावलेला, म्हणजे अनंतावर. त्यामुळे तीन मीटरवरचे सगळे पाहुणे मऊ झालेले, आणि लांब मागच्या भिंतीवरची 'अमृतमहोत्सव' ही अक्षरं मात्र कोरल्यासारखी स्पष्ट.

खिटी एएफवर, म्हणजे ऑटोफोकसवर केली. उरलेले दोन घोटाळे रात्री घरी आल्यावर सापडले, फोटो बघताना.

एकच फोटो ताणून बघत बसू नका

फोटो बिघडला की आपण तोच एक मोठा करून करून बघतो. त्यातून फारसं कळत नाही. पंधरा-वीस फोटो छोट्या आकारात शेजारी शेजारी लावून बघा. बिघाड एकसारखा आहे, की दर फोटोत वेगळा, की ठरावीक क्रमाने येतोय, हे बघितलं की अर्धं उत्तर मिळतं.

सगळेच फोटो सारख्याच प्रमाणात काळपट किंवा उजळ असतील तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन शून्यावर नाही, असं समजून चाला. अधिक-वजाचं चिन्ह असलेलं ते बटन किंवा चकती, कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायला. हे होतं कसं, तर उजळ आकाशात घार उडताना काढायची असेल तर अधिक एक किंवा त्याहून थोडं जास्त ठेवावं लागतं, नाहीतर घार म्हणजे नुसती काळी सावली. मग तासाभराने पाण्याकाठी उन्हात बगळा दिसतो, आणि त्याच अधिक एकवर त्याची सगळी पिसं पांढऱ्या कागदासारखी सपाट होतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वेगळी चकती असली तर ती पिशवीत घासूनही फिरते.

एक नीट, एक काळा, एक उजळ, पुन्हा एक नीट, एक काळा, एक उजळ असा तीनचा ठेका दिसला तर ब्रॅकेटिंग (तोच फोटो कमी-जास्त उजेडात लागोपाठ काढायची सोय) चालू राहिलंय. काही कॅमेरे बंद केल्यावर ते विसरतात, काही विसरत नाहीत.

आणि उजेड तोच असताना, माणसं तीच असताना, कुठलाही क्रम नसताना एक फोटो काळा आणि पुढचा पांढरा येत असेल तर मीटरिंग स्पॉटवर आहे. माझं तेच झालं होतं. स्पॉटवर कॅमेरा चौकटीचा जेमतेम दोन ते चार टक्के भाग बघून प्रकाश ठरवतो. तो भाग काही कॅमेऱ्यांत मधोमध असतो, काहींत आपण निवडलेल्या फोकसच्या ठिपक्यापाशी. ठिपका सासऱ्यांच्या पांढऱ्या टोपीवर पडला की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, आणि चेहरा काळवंडतो. तोच ठिपका आत्याबाईंच्या काळ्याभोर केसांवर पडला (रंग लावलेल्या, पण ते असो) की अख्खा हॉल भाजून निघतो.

धूसरपणा तीन जातींचा असतो

इथे थोडं थांबते, कारण "फोटो ब्लर आलाय" या एका वाक्यात लोक तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली जात फोकसची. मुख्य माणूस मऊ, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख. माझा तो 'अमृतमहोत्सव'चा बॅनर आठवा. अशा वेळी आधी लेन्सवरची खिटी बघा. काही नव्या लेन्सना खिटीच नसते, तिथे एएफ-एमएफ कॅमेऱ्याच्या मेन्यूत सापडतं. खिटी बरोबर असेल तर फोकसचा ठिपका कुठे सरकलाय ते बघा. कॅमेरा गळ्यात असताना मागचं चार बाजूंचं बटन पोटावर दाबलं जाऊन ठिपका चौकटीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि कॅमेरा इमानेइतबारे कोपऱ्यातल्या खुर्चीवर फोकस करतो.

दुसरी जात हाताच्या थरथरीची. यात चौकटीत कुठेच काही लख्ख नसतं, आणि नीट बघितलं तर प्रत्येक ठिपका एकाच दिशेला ओघळलेला दिसतो. दागिन्यांवरची चमक बघा. ती गोल ठिपक्याऐवजी बारीक रेघ झाली असेल तर कॅमेरा हललाय. वाढदिवसाच्या दुपारचे माझे बरेच फोटो असे होते, शटर १/३० च्या आसपास आणि व्हीआर आदल्या रात्रीपासून बंद. उघडी खिडकी जवळ असेल तर तिकडे सरकायचं, नाहीतर आयएसओ वाढवायचा. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला चेहरा नंतर कशानेच नीट होत नाही.

तिसरी जात समोरच्याच्या हालचालीची. भिंत, खुर्च्या, समई सगळं स्वच्छ, फक्त टाळ्या वाजवणारे हात पुसट. इथे व्हीआरचा काही उपयोग नाही, शटरच जलद हवं. खरं तर हे बिघाडात मोडतच नाही. एखाद्या फुगडीच्या फोटोत जरीकाठ असा गोल फिरलेला आला तर मी तो आवर्जून ठेवते.

एक चौथाही प्रकार आहे, तो धूसरपणाचा नुसता भास. व्ह्यूफाइंडरमधून सगळं अस्पष्ट दिसतं, पण काढलेले फोटो एकदम साफ. डोळ्याच्या खिडकीशेजारी एक छोटं चाक असतं, चष्म्याचा नंबर जुळवायला. ते कुणीतरी फिरवलंय. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली दिसणारे आकडे स्पष्ट होईपर्यंत ते फिरवायचं, दुसरं काही करायचं नाही. आमच्याकडे सासरे हौसेने एकदा बघून गेले की मला हे करावंच लागतं.

हिरव्या ऑटोची चाचणी

कार्यक्रम चालू आहे आणि काय बिघडलंय ते समजत नाहीये, अशा वेळी डोकं खाजवत बसू नका. मोडची चकती हिरव्या 'ऑटो'वर फिरवा आणि एक फोटो काढा. ऑटोमध्ये कॅमेरा आयएसओ, मीटरिंग, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणं), एक्सपोजर कॉम्पेन्सेशन सगळं आपल्या ताब्यात घेतो. फोटो चांगला आला तर दोष यांतल्याच एखाद्या सेटिंगचा. तरीही वाईटच आला तर ऑटोच्या हाताबाहेरच्या जागा तपासा: लेन्सवरच्या खिट्या, बऱ्याच कॅमेऱ्यांत टायमर, आणि अर्थात बोटाचा ठसा उमटलेली काच. वेळ नसेल तर कार्यक्रम ऑटोवरच उरकून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. केकची सुरी दोनदा फिरत नाही.

ज्यांच्याकडे रिसेटची सोय आहे त्यांनी ती शोधून ठेवावी. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरवर दोन बटनांशेजारी हिरवे ठिपके असतात. ती दोन्ही एकदम दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरली की नेहमीच्या सेटिंग मूळ जागी येतात. मेन्यूतलं सगळंच मात्र त्याने परत येत नाही. आणि एमएफची खिटी ही निव्वळ यांत्रिक गोष्ट आहे, ती कुठल्याही रिसेटने सरकत नाही, बोटानेच सरकवावी लागते.

फोटोच्या पोटात नोंद असते

घरी आल्यावर तपास करायचा तर प्रत्येक फोटोबरोबर एक्झिफ नावाची नोंद असते, ती उघडा. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, मीटरिंग, फ्लॅश उडाला की नाही, सगळं तिथे असतं. 'एक्सपोजर बायस' म्हणून जे लिहिलेलं असतं तेच आपलं अधिक-वजा. कॅमेऱ्यावरच बघायचं तर फोटो स्क्रीनवर असताना इन्फो किंवा डिस्प्लेचं बटन, किंवा वर-खालीचा बाण दाबून बघा.

फोकस हाताने होता की आपोआप, हे मात्र या साध्या यादीत सापडत नाही. ते कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत दडलेलं असतं. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्रॅम ते काढून दाखवतो. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते, पण एकदा जमलं की मजा येते. मला एमएफचा शेवटचा फोटो नेमका कोणता ते त्यातूनच कळलं.

आणि एक कळकळीची विनंती. "काय चुकलं सांगा ना" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवता, तेव्हा ती नोंद वाटेतच गळून पडते. समोरचा नुसता अंदाज बांधत बसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाइल नोंदीसकट पोचते.

बाकीचे नेहमीचे

दिवसाउजेडी सगळं निळं दिसतंय: व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर राहिलाय, बहुतेक हळदीच्या हॉलपासून. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद) असेल तर एका क्लिकमध्ये सुटतं, नुसत्या जेपेगमध्ये अर्धंमुर्धंच सुधारतं. अचानक ब्लॅक अँड व्हाइट आले तर तेच, रॉमध्ये रंग शाबूत असतात, जेपेगमध्ये गेले ते गेले.

उन्हात सगळं पांढरंफटक आणि कॅमेरा 'हाय' दाखवतोय: रात्रीचा आयएसओ ६४०० उतरवलेला नाही. कडक उन्हात एफ/५.६ ला आयएसओ १०० असेल तर साधारण १/८०० पुरतं. ६४०० म्हणजे त्याच्या चौसष्ट पट, म्हणजे १/५१२०० चं शटर लागेल. साध्या डीएसएलआरचं शटर १/४००० ला संपतं.

एलईडीच्या उजेडात आडवे काळे पट्टे: सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर चालू राहिलंय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे बहुधा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. नेहमीचं यांत्रिक शटर लावा आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा.

दिवसभर फोटो काढले आणि घरी येऊन बघावं तर कार्ड लॅपटॉपलाच राहिलेलं! हे माझं झालेलं नाही, पण जवळच्या एकाचं बारशाला झालंय आणि त्यावर अजून घरात बोललं जात नाही. मेन्यूत 'कार्डाशिवाय शटर' असा पर्याय असतो, तो आजच बंद करून टाका.

मी आता काय करते

सकाळी निघताना तपासायचं, हा सल्ला सगळे देतात. मला तो जमलेला नाही, कारण सकाळी साडी, किल्ल्या, पाहुणे आणि रिक्षा यातच जीव जातो. गवंडी संध्याकाळी थापी धुऊन ठेवतो तसं मी आता रात्रीच करते, कार्ड काढायच्या आधी. माझ्या कॅमेऱ्याच्या चकतीवर यू१ आहे, म्हणजे आपली सेटिंग साठवून ठेवायची जागा (काहींवर त्याला सी१ म्हणतात). त्यात घरगुती सेटिंग साठवली आहे: अ‍ॅपर्चर मोड, एफ/५.६, ऑटो आयएसओ, मीटरिंग संपूर्ण चौकटीचं, टायमर नाही, व्हाइट बॅलन्स ऑटो, रॉ आणि जेपेग दोन्ही. चकती यू१ वर फिरवायची, मग लेन्सवरून अंगठा फिरवून दोन्ही खिट्या चाचपायच्या, आणि समोरच्या फ्रिजचा एक फोटो काढून बघायचा. ज्यांच्या कॅमेऱ्यावर यू१ नाही त्यांनी चकती हिरव्या ऑटोवर नेऊन ठेवावी, म्हणजे निदान पहिला फोटो तरी हातचा जात नाही.

आता त्या दिवसातला एकच चांगला फोटो. औक्षणाचा. परातीत कणकेचे पंच्याहत्तर दिवे, परात दोन्ही बाजूंनी जावांनी धरलेली, हॉलच्या ट्यूबलाइट सगळ्या चालू. नेहमीच्या मीटरिंगने हॉल छान उजळ आला असता आणि दिव्यांचे नुसते पांढरे डाग. स्पॉटचा ठिपका मात्र योगायोगाने दिव्यांवर पडला. हॉल, खुर्च्या, बॅनर, मागे घड्याळ बघणारे पाहुणे, सगळं अंधारात बुडालं. उरल्या ज्योती, आणि त्यांच्या उजेडात वाकलेला सासऱ्यांचा चेहरा, कपाळावरचं ओलं कुंकू चमकतंय. एवढा उजेड मोजल्यावर शटरही १/१२५ पर्यंत गेलं, म्हणून व्हीआर बंद असूनही हात हलल्याची खूण नाही. तो फोटो आता दिवाणखान्यात आहे आणि मी तो ठरवून काढला असं सगळ्यांना वाटतं.

दिवाळीच्या पाडव्याला तोच प्रयोग मुद्दाम केला. जाऊबाई भाऊजींना ओवाळत होत्या, ताटात एकच निरांजन. ठिपका ज्योतीवर धरला, तर ज्योत सोडून सगळं काळंठिक्कर. पंच्याहत्तर दिवे आणि एक दिवा यात फरक आहे, हे कॅमेऱ्याला माहीत नसतं, मला असायला हवं होतं. मग ठिपका निरांजनाच्या बाजूच्या गालावर धरला, एई-एलचं बटन दाबून तेवढा प्रकाश कुलूपबंद केला (काही कॅमेऱ्यांवर तिथे चांदणीचं चिन्ह असतं) आणि चौकट परत जुळवली. तिसऱ्या प्रयत्नात हवा तसा आला. भाऊजी तोवर "आता ओवाळणी दुप्पट द्यावी लागणार का?" विचारत होते.

रात्री फराळ, पाहुणे, आवराआवर. दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरी भाऊबीज. पहिल्या फोटोत पांढऱ्या कुडत्यातला भाऊ कोळशासारखा, दुसऱ्यात चुन्यात बुडवल्यासारखा. आई मागून डोकावून म्हणाली, "बिघडला वाटतं गं तुझा कॅमेरा." मी तोवर मीटरिंगच्या बटनावर बोट ठेवलं होतं.